घरच्या लेथवर ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर: माल टूलला चिकटतोय, फिनिश येत नाही

दुर्बिणवेडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५० एमएमची न्यूटोनियन दुर्बीण आहे आणि तिला डीएसएलआर लावायचाय. बाजारात मिळतो तो ॲडॉप्टर सव्वा इंची नळीचा आणि लांबुडका. त्याने फोटोचे कोपरे काळे पडतात. शिवाय कॅमेरा इतका मागे राहतो की फोकसर (फोकस करायला आत-बाहेर सरकणारी नळी) पार आत ढकलला तरी चंद्र फोकसला येत नाही. म्हणून दोन इंची आणि जमेल तेवढा बुटका ॲडॉप्टर स्वतःच करायला घेतलाय.

ड्रॉइंग शब्दांत सांगतो, फोटो चढत नाहीये. एका बाजूला ५०.८ एमएम व्यासाची नळी, लांबी २०. मध्ये ५६ व्यासाची, ४ जाडीची कॉलर. दुसऱ्या बाजूला एम४२ चे (४२ एमएम व्यासाचे) बाहेरचे आटे, लांबी ५. आतून आरपार ३८ चं भोक.

मशीन म्हणजे सात बाय चौदा इंची छोटा चिनी लेथ (त्याच्या पकडीत, म्हणजे चकात, तुकडा फिरतो आणि टूल त्याला कापतं; त्या तुकड्याला जॉब म्हणतात), मुलुंडला फ्लॅटच्या बंद बाल्कनीत. टूलं लेथबरोबर आलेली, टोकाला कार्बाइडचा कडक तुकडा ब्रेझ केलेली (झाळून जोडलेली). रॉड ६० चा, ओळखीतल्या एकाने भंगारातून काढून दिलेला.

अडचण अशी की टूलच्या टोकाला ॲल्युमिनियमचा गोळा चिकटून बसतो. मग कट तुटक होतो आणि जॉबवर खरवडल्यासारखे ओरखडे येतात. स्पीड वाढवला, कमी केला, फरक नाही. खालीलपैकी कोणाला दोष देऊ: मशीन, टूल, माल की मी?

तिरकस

साकीनाक्याला कुठल्याही गाळ्यात द्या. चहा पिऊन होईपर्यंत हातात मिळेल. बाल्कनीत लेथ ठेवून बायकोचे कपडे वाळत घालायची जागा का घालवताय?

गाळा नं. ७

तिरकसराव, चहा पिऊन होईपर्यंत नाही होत. माझा गाळाच आहे म्हणून सांगतो. हा जॉब एका नगासाठी कोणी घेतला तर उपकार म्हणून घेईल. आट्यांचे गिअर बदला, बोअरिंग बार (आतून भोक मोठं करायचं टूल) लावा, उलटा पकडून परत डायल (सेंटर तपासायचं गेज) लावा. कटिंगपेक्षा सेटिंगलाच जास्त वेळ. शंभर नग असतील तर आत्ता या.

त्यातून ॲल्युमिनियम. दिवसभर स्टील चालणाऱ्या लेथवर मध्येच ॲल्युमिनियम घ्यायला कारागीर कुरकुरतो. टूल बदलावं लागतं आणि कीस (कापताना निघणारा धातूचा चुरा) वेगळा ठेवावा लागतो, भंगारवाला मिक्स मालाला भाव देत नाही.

पवईची

दुर्बिणवेडा, आधी एक प्रश्न. एम४२ म्हणताय, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) किती? टी-रिंगचे (कॅमेऱ्याला लेन्सच्या जागी बसणाऱ्या कड्याचे) आटे एम४२ × ०.७५ असतात. जुन्या स्क्रू माउंट लेन्सचे एम४२ × १. दोन्ही व्यासाला सारखे, हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. एकाचा दुसऱ्यात एखाद-दुसरा फेरा जातोही, मग अडकतो.

दोष द्यायचाच तर टूल आणि माल दोघांना द्या, मशीनला नको. ब्रेझ केलेली टूलं स्टील आणि कास्ट आयर्नच्या हिशेबाने घासलेली असतात. वरचा उतार जवळजवळ नसतो, धार मुद्दाम थोडी मारलेली असते. स्टीलला ती टिकते. ॲल्युमिनियमला ती धार कापत नाही, रेटते. रेटलं की घासतं, घासलं की तापतं आणि मऊ माल टोकावर जमून नवीन, बोथट टोक तयार करतो. तो गोळा मध्येच सुटतो आणि जाताना जॉबवर ओरखडा मारून जातो. तुम्ही लिहिलंय ते वर्णन तंतोतंत हेच.

इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या टोकाचा) होल्डर असेल तर सीसीएमटी नको, सीसीजीटी घ्या. तिसरं अक्षर टॉलरन्सचं. एम म्हणजे साच्यातून जसा निघाला तसा, जी म्हणजे नंतर ग्राइंड केलेला. ॲल्युमिनियमचे सीसीजीटी बिनकोटिंगचे आणि आरशासारखे पॉलिश केलेले येतात. बोट फिरवू नका, ब्लेडसारखे कापतात. छोट्या लेथला ०६०२०४ किंवा ०६०२०२ पुरे. शेवटचे दोन आकडे टोकाच्या गोलाईचे, ०.४ आणि ०.२ एमएम.

दुर्बिणवेडा

पिच ०.७५. टी-रिंग हातात आहे, पिच गेज लावून बघितलं. धन्यवाद, हा मुद्दा धाग्यात असायलाच हवा होता.

सोनेरी कोटिंगचे इन्सर्ट एकाकडे पडून आहेत. ते चालतील का?

पवईची

सोनेरी कोटिंग असलेले बहुतेक स्टीलसाठीच असतात, धार तशीच मारलेली. आणि काळपट-जांभळ्या कोटिंगमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियमच असतं, त्याला तुमचा माल जास्तच आवडीने चिकटतो. नको.

जुना टर्नर

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, आता घरी बसून तुमचे धागे वाचतो. पवईच्या ताईंनी बरोबर सांगितलं, पण एका ॲडॉप्टरसाठी होल्डर आणि इन्सर्ट कशाला? हायस्पीड स्टीलचा चौकोनी बिट घ्या, मिरांडाचा नाहीतर दुसरा कुठलाही, तीन सुतांचा. ग्राइंडरवर घासा. वरचा उतार चांगला पंधरा-वीस अंश ठेवा. स्टीलला एवढा दिला तर टोक तुटेल, इथे काही होत नाही. मग ग्राइंडरवरून उतरवला की तसाच लावू नका. ऑइल स्टोनवर तीनही बाजू घासा, नखावर ठेवला की घसरता कामा नये, रुतला पाहिजे. सगळी गंमत त्या स्टोनमध्ये आहे. ग्राइंडरच्या रेघा धारेवर राहिल्या की त्या रेघांत माल अडकतो.

आणि ब्रशने रॉकेल. आमच्याकडे डबा भरलेला असायचा. आता रॉकेल मिळायची पंचाईत, तर डब्ल्यूडी-फॉर्टी मारा. कोरडं नका चालवू.

रॉडबद्दल मात्र वेगळं बोलायचंय. भंगारातला रॉड म्हणालात. कीस कसा निघतोय? लांबच लांब, मऊ, चकाला गुंडाळणारा? की वाटोळा होऊन तुटणारा?

दुर्बिणवेडा

काका, लांबच लांब. मऊ. चकाभोवती गुंडाळून बसतो, दर थोड्या वेळाने मशीन बंद करून पक्कडने काढावा लागतो.

जुना टर्नर

मग टूल कितीही चांगलं घासा, हा माल तुम्हाला रडवणारच. हा एकतर शुद्धाकडे जाणारा मऊ माल आहे, नाहीतर ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला). वायर आणि बसबारच्या जातीचा. विजेला उत्तम, लेथला उकडीसारखा. पहिला दिवस टूलवर घालवण्याआधी रॉड बदला.

गाळा नं. ७

काकांना +१. मी तर नाव माहीत नसलेला रॉड गाळ्यात घेतच नाही. नवीन आणा, काय तो खर्च एकदाच. दुकानात ‘एचई-३० द्या’ म्हणा. कागदावर ६०८२ लिहिलं असेल, आयएसच्या (भारतीय मानकाच्या) भाषेत ६४४३०. पुढे ‘डब्ल्यूपी’ लिहिलंय का बघा, म्हणजे हीट ट्रीट केलेला, ज्याला बाहेर टी-६ म्हणतात. ६०६१ टी-६ मिळाला तरी तेच काम.

‘एचई-९’ म्हणून काही देतील. तो ६०६३, खिडक्यांचे सेक्शन त्याचेच असतात. दिसायला सुंदर, ॲनोडायझिंगला (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवण्याला) फार छान, पण लेथवर एचई-३० पेक्षा चिकट. एचई-१५ म्हणजे २०१४, तांबं असलेला. कटिंगला मस्त, कीस तुटून पडतो, पण रंग नीट धरत नाही आणि आपल्या हवेत लवकर गंजतो. तुमच्या कामाला एचई-३०.

नवशिका

हे कुठे मिळतं? मी बोरिवलीला राहतो, इकडच्या हार्डवेअरवाल्याने ‘ॲल्युमिनियमचा रॉड’ म्हटल्यावर पडद्याचा पाइप दाखवला.

गाळा नं. ७

गिरगावाकडे या. सीपी टँक, कीका स्ट्रीट, गुलालवाडी, कुंभारवाडा हा सगळा पट्टा तांबं-पितळ-ॲल्युमिनियमचा. वजनावर देतात, कापून देतात. एका तुकड्यासाठी गेलात तर आधी ‘कटपीस आहे का’ विचारा, रॅकखाली पडलेले असतात. तुकड्यावर रंगाचा पट्टा किंवा शिक्का नसेल तर सोडून द्या, तोंडी ‘हां हां, थर्टीच है’ ला अर्थ नाही. टूल, ड्रिल, टॅप, पेपर हे सगळं नागदेवी स्ट्रीटला, तिथून चालत. रविवारी जाऊ नका.

पवईची

किती घ्यायचं त्याचा हिशेब: ६० व्यास, १०० लांबी म्हणजे २८३ घन सेंमी. घनता २.७ धरली की साधारण ७६० ग्रॅम. दुकानदाराचा काटा सव्वा किलो दाखवू लागला तर तो ॲल्युमिनियम नाही किंवा काटा बरोबर नाही.

तिरकस

१०० कशाला? नग तर ३० चा पण नाही.

जुना टर्नर

पकडायला नको? आणि मागे उरलेला तुकडा वाया जात नाही, त्याचंच फिक्श्चर (नग पकडायचं साधन) करायचंय. सांगतो, पण आधी नीट बसून लिहितो. नातीला शाळेतून आणायचंय.

दुर्बिणवेडा

रॉड आणला. एचई-३०, एका टोकाला शिक्का आहे. बिट घासला, स्टोन मारला, डब्ल्यूडी मारलं. मंडळी, जमीन-अस्मानाचा फरक. कीस छोट्या कड्या होऊन उडतोय आणि जॉब चमकतोय. जुना रॉड त्याच टूलने परत लावून बघितला, तर तिथे अजूनही ओरखडे. म्हणजे काकांचं निदान बरोबर होतं, माल मुख्य.

आता स्पीड. या लेथवर २५०० आरपीएमपर्यंत जातो. किती ठेवू?

पवईची

आरपीएमवर जाऊ नका, धारेसमोरून माल किती वेगाने जातो ते बघा. हायस्पीड बिटला ॲल्युमिनियमवर मिनिटाला १०० मीटर आरामात चालतं. ६० व्यासाला ते ५३० आरपीएम होतं, १२ व्यासाच्या पिनेला २६५०. म्हणजे मोठ्या जॉबला तुमचा लेथ अर्ध्यावरही न्यायची गरज नाही आणि छोट्याला पूर्ण खेचूनही कमीच. कार्बाइडला याच्या दुप्पट-तिप्पट चालतं, पण घरी ६० चा तुकडा उलट्या जॉत (चकाच्या दातांत) पकडून तो वेग घेऊ नका.

सेक्रेटरी

मी मेकॅनिकलवाला नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणून हा धागा वाचून घाम फुटला. आमच्याकडे एकाने असंच मशीन आणलंय. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की रात्री ‘गुरगुर’ ऐकू येते. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचा नियम आहे, तो कृपया सगळ्यांनी पाळा. आणि पायात रुतणारे तुकडे लिफ्टमध्ये सापडलेत.

दुर्बिणवेडा

साहेब, रास्त. मी टेबलाच्या पायांखाली जाड रबरी मॅट घातलीय, आवाज त्यानेच निम्मा झाला. गुरगुर मोटरची कमी असते, टेबल फरशीवर थरथरतं त्याची जास्त. काम संध्याकाळी आठच्या आत आटोपतो. लेथची चप्पल वेगळी, ती बाल्कनीतून बाहेर येत नाही. कीस लोहचुंबकाला लागत नाही ही मात्र खरी डोकेदुखी, ब्रश आणि सुपडीशिवाय इलाज नाही.

गाळा नं. ७

ब्रशनेच. हवा मारू नका, डोळ्यात जातो. आणि चालू लेथवर हाताने कीस ओढायचा नाही, हातमोजे घालून तर मुळीच नाही. हातमोजा गुंडाळला की हात घेऊनच जातो. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर लावणारे पण बघितलेत, पट्टी दोन टोकांनी धरायची असते. ॲल्युमिनियमचा तुकडा बेंच ग्राइंडरच्या दगडावर घासू नका. दगडाची छिद्रं भरतात, दगड तापतो आणि फुटू शकतो. बस, भाषण संपलं.

जुना टर्नर

आता पकडण्याचं. हे नीट वाचा, यातच जॉब बिघडतो.

तुमचा जॉब म्हणजे पातळ नळी. आधी सगळं बाहेरून करून मग तीन जॉच्या चकात आवळला आणि आतून बोअर केला, तर चकात असताना भोक गोल दिसेल. सोडलं की जॉब परत आपल्या जागी येतो आणि भोक तीन कोपऱ्यांचं होतं. मायक्रोमीटरने मापाल तर कदाचित कळणारही नाही, कारण समोरासमोर माप जवळपास सारखंच येतं.

म्हणून पहिल्या पकडीत, रॉड अखंड असताना, आट्यांची बाजू पूर्ण करा. फेसिंग (तोंड सपाट करणं). मग ड्रिल, लहानापासून चढत चढत, दर थोड्या खोलीला बाहेर काढून कीस झाडायचा. टेलस्टॉकला (चकासमोर ड्रिल धरणाऱ्या भागाला) झेपेल तेवढं मोठं ड्रिल झालं की बोअरिंग बारने ३८ पर्यंत. भोक नगाच्या लांबीहून पुढे, मागच्या तुकड्यात घुसेल एवढं खोल न्या. मग बाहेरून ४२ आणि कॉलरचा ५६. आटे. आट्यांच्या मुळाशी, कॉलरला लागून, छोटी खाच पाडून घ्या, टूलला थांबायला जागा हवी. मग नळीची २० लांबी आणि फिनिशला थोडा माल ठेवून पार्टिंग (नग कापून वेगळा करणं).

आता चकात जो तुकडा उरला तो सोडायचा नाही. जॉ सैल पण करायचे नाहीत. त्याचं तोंड फेस करा, भोक ४१.२ ला बोअर करा, आतून तेच ०.७५ चे आटे काढा. झालं फिक्श्चर. तुमचा नग त्यात आट्यांनी फिरवून घट्ट बसवा, कॉलर तोंडाला टेकली पाहिजे. आता ५०.८ ची बाजू मोकळी, निवांत टर्निंग करा. तुकडा चकातून हललेला नाही, त्यामुळे आटे आणि नळी एकाच सेंटरवर येणार आणि कॉलर सरळ बसणार. डायल लावत बसायची गरज नाही.

दोन गोष्टी. कटच्या जोराने नग फिक्श्चरमध्ये आणखी आवळत जातो, म्हणून कॉलरमागे कागदाची चकती आणि आट्यांना ग्रीस. नाहीतर कोरडं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला असं पकडतं की आटे उपटूनच निघतात. दुसरं, फिक्श्चरचे आतले आटे टी-रिंगच्या मापाने नाही, तुमचा नगच बसवून बघत काढा.

पवईची

काका, हे फार सुंदर आहे. कॉलर सरळ बसण्याचा मुद्दा दुर्बिणीला खास महत्त्वाचा. सेंटर थोडं हललं तर फोटोत कळत नाही, पण तोंड तिरकं झालं तर सेन्सर तिरका होतो आणि एका बाजूचे तारे फुगलेले दिसतात.

नवशिका

४१.२ कुठून आलं? ४२ चं भोक का नाही?

पवईची

४२ हा बाहेरच्या आट्याचा बाहेरचा व्यास. आतले आटे कापायला माल उरला पाहिजे. साठ अंशांच्या मेट्रिक आट्याला भोक = व्यास वजा १.०८ गुणिले पिच. ४२ वजा ०.८१ म्हणजे ४१.१९. बाहेरच्या आट्याची खोली ०.६१ गुणिले पिच, इथे ०.४६ एमएम. मुळाशी ४१.०८ उरतात, आतलं भोक ३८, म्हणजे भिंत दीड एमएमची. म्हणूनच ३८ च्या पुढे जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

दुर्बिणवेडा

आटे काढताना एक भीती वाटतेय. कॉलरकडे टूल जातंय आणि हाफ नट (टूलला पुढे नेणाऱ्या लीड स्क्रूशी जोडणारा नट) वेळेवर सोडला नाही तर टूल कॉलरमध्ये घुसणार. ५ एमएम लांबीत प्रतिक्रिया द्यायला वेळच नाही.

जुना टर्नर

उलटं काढा. टूल उलटं बांधा, धार खाली. चक उलटा फिरवा. खाचेपासून सुरू करून टूल टेलस्टॉककडे, मोकळ्या हवेत जाईल. कुठे आदळायचा प्रश्नच नाही. तुमच्या लेथचा चक बोल्टने बसवलेला असतो म्हणून हे चालतं. ज्यांच्याकडे आट्यांवर फिरवून बसवायचा चक आहे, मायफर्डसारखा, त्यांनी हे करू नये, चक सुटून मांडीवर येईल.

नाहीतर मोटर बंद ठेवून चक हाताने फिरवा. पाऊण एमएमचा बारीक आटा, ॲल्युमिनियम, जोर लागतच नाही.

पवईची

लीड स्क्रू मेट्रिक, दीड एमएमचा असेल तर आणखी एक सोय आहे. ०.७५ त्याच्या बरोबर अर्ध्यात बसतो, गिअर एकास दोनचे. अशा वेळी हाफ नट कुठेही टाकला तरी टूल त्याच घडीत पडतं, थ्रेड डायलकडे (हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणाऱ्या तबकडीकडे) बघायची गरज नाही. लीड स्क्रू इंची असेल तर मात्र हाफ नट सोडूच नका, प्रत्येक फेरीला मशीन उलटं नेऊन परत या.

दुर्बिणवेडा

लीड स्क्रू दीडचाच आहे. आटे निघाले! टी-रिंग लोण्यासारखी नाही, पण आवाज न करता, कुठेही न अडकता बसतेय.

पार्टिंगला मात्र लेथ थरथरतोय. टूल आत जातं, मग ‘कर्रर्र’ आणि खाचेच्या भिंतीवर लाटा.

गाळा नं. ७

छोट्या लेथचं हे जुनं दुखणं. सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) लॉक करा. क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाची) जिब (ढिलाई घालवणारी पट्टी) आवळा, हँडल जरा जड फिरलं पाहिजे. टूलचं टोक बरोबर जॉबच्या सेंटरच्या उंचीला. बघायचं कसं? स्टीलची पातळ पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी दाबा. पट्टी सरळ उभी राहिली की सेंटर बरोबर, वर-खाली झुकली की पॅकिंग बदला. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा पॅकिंगला झकास. खाच टूलच्या रुंदीपेक्षा थोडी रुंद करत जा, आजूबाजूला सरकून, म्हणजे कीस अडकत नाही. आणि घाबरून फीड थांबवू नका. थांबलात की टूल घासतं आणि तिथूनच थरथर सुरू होते.

भोक आधीच ३८ चं आहे, म्हणजे पार्टिंग शेवटी सेंटरपर्यंत जायचंच नाहीये. अर्धी लढाई तिथेच जिंकलीय तुम्ही.

नवशिका

मला एक कळलं नाही. हे सगळं करून शेवटी ५०.८ नेमकं येतं का? माझ्या व्हर्नियरवर सकाळी एक माप येतं, रात्री दुसरं.

पवईची

जॉब गरम असताना मापत असाल. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५०.८ व्यासाचा नग खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर व्यास तीन-साडेतीन शतांश एमएम जास्त दिसतो. तुम्ही त्या मापावर शेवटचा कट घेता, रात्री तो थंड होतो आणि सैल निघतो. शेवटच्या कटाआधी जेवून या. इथे बाकी अचूक ५०.८ नकोच आहे. फोकसरच्या भोकात सहज सरकलं पाहिजे, ५०.७ ठेवा.

तिरकस

मागे बोललो ते परत घेत नाही, पण वाचतोय. पावसाळ्यात या लेथचं काय करता? माझी सायकलची साखळी जुलैत आठवड्यात लाल होते.

जुना टर्नर

काम झालं की बेडवर तेल. खाण्याचं नाही, स्लाइडवेचं, ६८ नंबरचं. ॲल्युमिनियमचा बारीक कीस पुसल्याशिवाय तेल लावायचं नाही, तो तेलात मिसळून जिबमध्ये बसतो. वर जुनी सुती चादर टाका, प्लास्टिक नको, प्लास्टिकखाली घाम सुटतो. आमचे उस्ताद मायक्रोमीटरच्या पेटीत कापराची वडी ठेवायचे, मी अजून ठेवतो.

दुर्बिणवेडा

अपडेट. नग तयार. फिक्श्चरमधून सोडवताना कागदाच्या चकतीने खरंच वाचवलं, रबरी पट्ट्याच्या पान्याने एका झटक्यात सुटला. वांगणीला घेऊन गेलो होतो. चंद्र फोकसला येतोय आणि फोकसर अजून थोडा आत जायला शिल्लक आहे. कोपरे काळे नाहीत. पण चंद्र फ्रेमच्या कडेशी आला की एक फिकट कडं दिसतं. आतलं चकचकीत भोक उजेड परतवतंय असं वाटतं.

पवईची

तेच आहे. आतून बारीक आटे पाडा, अगदी उथळ, पाव एमएम खोलसुद्धा नको, भिंत पातळ आहे. मग मॅट काळा रंग. गुळगुळीत काळं भोक तिरक्या उजेडाला आरशासारखंच वागतं, रेघा असलेलं नाही.

दुर्बिणवेडा

फिक्श्चर अजून चकातच आहे, उद्या करतो. बाहेरून काळं ॲनोडायझिंग करायचं झालं तर मापं बिघडतील का? घरी ॲसिडचे उद्योग करणार नाही, सेक्रेटरीसाहेब निश्चिंत असा.

गाळा नं. ७

साध्या ॲनोडायझिंगचा थर १० मायक्रॉनच्या आसपास घ्या म्हणावं. त्यातला अर्धा किंवा त्याहून कमी बाहेर वाढतो, बाकी आत जातो. नळीला काही फरक पडत नाही, तुम्ही ५०.७ ठेवलंय. आट्यांवर मात्र पृष्ठभाग तिरका असल्यामुळे पिच व्यासात (आट्यांच्या मधल्या उंचीवरच्या व्यासात) त्या वाढीच्या चौपट फरक येतो. पाच मायक्रॉन बाहेर आला तर वीस. टी-रिंग आत्ता ‘लोण्यासारखी नाही’ म्हणालात ना? ॲनोडायझिंगला देण्याआधी आट्यांवरून अजून एक हलका कट मारून घ्या.

माझ्याकडून दर आठवड्याला काळ्या ॲनोडायझिंगला माल जातो, त्यात टाकतो तुमचा नग, वेगळे पैसे नकोत. फक्त एक ठरवून सांगा. टाकीत लटकवायला तार किंवा क्लिप कुठेतरी लागणार आणि तिथे पांढरा ठिपका राहणार. कुठे राहिलेला चालेल?

दुर्बिणवेडा

भोकाच्या आत, नळीच्या बाजूच्या कडेला. तिथे नंतर रंग मारणारच आहे. आटे आणि कॉलरचं तोंड सोडून.

गाळा नं. ७

ठीक. ग्रीस पूर्ण धुऊन आणा, आट्यांच्या मुळातलं पण. ग्रीस राहिलं तर तिथे रंग धरत नाही.